ओर्ताची ‘मोर्देशी’ आणि आपली मोडशी : जुने औषधिग्रंथ वाचताना

गार्सिया द ओर्ता या सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज वैद्याच्या औषधिग्रंथात कोकणातल्या वनस्पतींविषयी जे लिहिले आहे ते कितपत ग्राह्य धरावे, आणि पोर्तुगीज येत नसल्यामुळे त्याच्या लॅटिन सारांशावरून केलेल्या उताऱ्यांवर काम भागेल का, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे: भागणार नाही.

ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याने वैद्यकी केली, आणि १५६३ मध्ये त्याचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. तो संवादरूप आहे. ओर्ता स्वतः आणि रुआनो नावाचे काल्पनिक पात्र असे दोघे बोलतात, पण मधूनच मोलकरीण येते, निरोप्या येतो, एका ठिकाणी मलुपा नावाचा हिंदू वैद्यही येतो. ही माहिती बाजारातून आली, वैद्याकडून आली की ओर्ताने रुग्णाच्या अंथरुणाशी बसून मिळवली, हे त्या संवादांतूनच कळते. क्लुसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये अँटवर्पला जो लॅटिन सारांश छापला त्यात हे संवादरूप काढून टाकले आणि मजकुराची नव्याने मांडणी केली. युरोपभर वाचला गेला तो मुख्यतः हा सारांश, त्यामुळे पुढच्या पुष्कळ ग्रंथांत ओर्ताचे म्हणून जे येते त्याचा बोलता धनी हरवलेला असतो. आपण १९१३ चे इंग्रजी भाषांतर घ्यावे, त्यात संवाद आहेत.

आता ग्राह्यतेविषयी. माझा अनुभव असा की या ग्रंथात आधी नाव तपासावे, मग वनस्पती, आणि गुण सर्वांत शेवटी. बहुतेक लोक उलट क्रमाने जातात आणि फसतात.

उदाहरण म्हणून ‘मोर्देशी’ घ्या. ओर्ता सांगतो की इथले लोक या रोगाला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही तो शब्द बिघडवून ‘मोर्देशी’ करतो. हा आपला मराठी-कोकणी मोडशी शब्द, हे मराठी वाचकाला कोणी सांगावे लागत नाही. पुढे फ्रेंचांनी त्याचे ‘मोर द शियाँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण, असे करून टाकले आणि मूळ शब्द कोणता याचा घोळ कित्येक वर्षे चालला. पण इथेच थांबू नये. आज आपण पावसाळ्यात पोट बिघडले तरी मोडशी झाली म्हणतो, आणि ओर्ता जे वर्णन करतो ते त्याहून फार वेगळे आहे: खोल गेलेले डोळे, पायांत गोळे, काही रुग्ण दहा तासांतही गेले आणि फार तगले ते चार दिवस. जून-जुलैत याचा जोर अधिक, असेही तो नोंदवतो. इथल्या लोकांचा उपचार म्हणून मिरी आणि जिरे घातलेली तांदळाची पेज आणि पायांना डाग देणे हे तो सांगतो. शब्द तोच राहिला, अर्थ सौम्य झाला. म्हणून एखाद्या जुन्या बाडात मोडशीवर अमुक मुळी असे दिसले, तर ती पटकीवर (कॉलऱ्यावर) होती की अजीर्णावर हे लक्षणे वाचल्याशिवाय ठरवता येत नाही.

वनस्पतींचे तसेच आहे. ‘ब्रिंदोंइश’ म्हणून ओर्ता जे फळ सांगतो, आतून रक्तासारखे लाल आणि अतिशय आंबट, ते आपले भिरंड, म्हणजे कोकम. त्याची साल व्हिनेगर करण्यासाठी जहाजाने नेत, हेही तो लिहितो. मात्र त्याच नावावरून आलेले ‘ब्रिंडल बेरी’ हे नाव आज केरळातल्या कुडमपुळीला, म्हणजे कोकमाच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या आंबट फळाला, चिकटले आहे. (आणि कोकमाच्या ‘गार्सिनिया’ या प्रजातिनामाचा ओर्ताशी काही संबंध नाही, ते लॉरेंट गार्सिन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ आहे. मीही बरीच वर्षे उलटेच समजत होतो.) ओर्ताच्या ग्रंथात चित्रे नाहीत, हे यातले खरे दुखणे. चित्रे हवी असतील तर ‘हॉर्तुस मालाबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या लॅटिन ग्रंथाकडे जावे. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला निघालेले त्याचे १२ खंड मलबारचे आहेत, कोकणचे नव्हेत, पण त्यातल्या चित्रांवर मल्याळम नावांबरोबर नागरी लिपीतली नावेही कोरलेली आहेत. ती रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या कोकणी वैद्यांमुळे आली, आणि माहितीच्या खरेपणाविषयी त्यांनी दिलेले १६७५ चे प्रमाणपत्रही पहिल्या खंडात छापलेले आहे. मल्याळी परंपरेची माहिती इट्टी अच्युतन या वैद्याची. त्याचे प्रमाणपत्र स्वतंत्र आहे, दोन्हींची सरमिसळ करू नये.

संस्कृत निघंटू, म्हणजे औषधी वनस्पतींचे कोश, मात्र आपण अगदीच बाजूला ठेवलेले दिसतात, ते पटले नाही. नरहरीचा राजनिघंटू वनस्पतींची कानडी आणि मराठी नावे देतो, म्हणजे ओर्ताचे एखादे नाव ताडून पाहायला आपल्याच भाषेतला आधार मिळतो. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात फिरंग रोग (उपदंश) आणि त्यावर चोपचिनी ही चीनकडून येणारी मुळी आहे, ओर्ताचाही चोपचिनीवर संपूर्ण संवाद आहे. एकच नवा रोग आणि एकच परदेशी मूळ, एकाच शतकात दोन भाषांत. आपला विषय औषधांचा प्रवास असेल तर मी सुरुवात या जोडीपासून करीन आणि कोकम-मोडशीकडे नंतर वळेन.