'हवेचा ब्रेक' म्हणावं का?

सावंतवाडीहून एका वाचकाने विचारलंय: मोपाला विमान टेकलं की पंखावर फळ्यांची एक ओळ उभी राहते. इंग्रजीत तिला एअर ब्रेक म्हणतात, तर मराठीत 'हवेचा ब्रेक' म्हटलेलं चालेल का?

मला ते पटत नाही. अडचण त्या 'चा'मध्ये आहे. हाताचा ब्रेक हाताने ओढायचा, पायाचा पायाने दाबायचा. ब्रेकच्या आधी 'चा' आला की तो कशाने लागतो, हेच आपल्याला ऐकू येतं. त्या हिशेबाने हवेचा ब्रेक आपल्याकडे कधीचाच आहे, एसटीला. करूळ घाट उतरून गाडी वैभववाडीला थांबली, ड्रायव्हरने ब्रेकवरचा पाय काढला, की खालून फुस्स होतं ना, ती त्यातली दाबलेली हवा. तिथे हवा ब्रेक लावते. विमानात फळी हवेला अडवते. दोन्हींना एकच नाव दिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

शिवाय 'ब्रेक' म्हटल्याने त्या फळ्यांचं निम्मं काम झाकलं जातं. पुढच्या वेळी पंखाच्या जरा मागची खिडकी मागून घ्या. चाकं टेकतात तेव्हा मध्यम आकाराच्या जेट विमानाचा वेग ताशी साधारण २४० ते २६० किलोमीटर असतो. एवढ्या वेगात पंख अजून विमानाला उचलून धरत असतात, चाकांवर पुरता भार आलेलाच नसतो. अशात चाकांचे ब्रेक करकचून दाबले तर टायर नुसते घसरतील. म्हणून टेकताक्षणी त्या फळ्या फटाफट उभ्या राहतात, खालचे दांडेसुद्धा दिसतात. पंखावरून सरळ जाणारी हवा विस्कटते, उचल मोडते, विमान आपल्या वजनानिशी चाकांवर बसतं आणि मग ब्रेक धरतात. इंग्रजीतलं दुसरं नाव, स्पॉइलर, ते या मोडण्यावरूनच.

मला शब्द सुचला तो खाडीत. होडी धक्क्याजवळ आली की होडीवाला वल्हं मारायचं थांबवतो आणि पाण्यात नुसतं आडवं धरतो. पाणी पात्यावर चढतं, होडी मंदावते. आडपडदा, आडभिंत आपण म्हणतोच, तशी ही आडफळी. 'आडफळ्या उभ्या राहिल्या' हे वाक्य कुठल्याही कोकणी माणसाला न समजावता कळेल. हवेतच लवकर खाली यायचं असेल तर पायलट त्या थोड्याशाच उचलतो, तिथेही हा शब्द बसतो.

चिपीला उतरलेल्या एटीआरसाठी, म्हणजे पंख्यांवर चालणाऱ्या छोट्या विमानासाठी, मात्र तो वापरू नका. तिथे टेकल्यावर अशी ओळ उभी राहत नाही. इंजिनांपुढच्या पंख्यांच्या पात्यांचा कोन बदलून वेग मारतात. 'पंखा उलटा फिरवला' असं लोक म्हणतात, पण फिरायची दिशा तीच राहते, पाती तेवढी कलतात. त्याला नवं नाम घडवायची गरज नाही, 'पाती वळवली' पुरे.