बर्डीवर जाताना खिशात पेनड्राइव्ह ठेवा

प्रश्न : घाटंजीची आहे, अमरावतीला इंजिनिअरिंग करते. दर शनिवारी एसटीने ये-जा असते. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) चालेल असा हलका पण दमदार लॅपटॉप हवा. बाबांनी ३५ हजारांची सोय केली आहे. नवा घेऊ की जुना?

जुना घ्या. तोही ऑफिसातून निघालेला. कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक लॉटने काढतात आणि तो माल नागपूरला सीताबर्डीवर, म्हणजे आपल्या बर्डीवर येतो. लिनक्सवाले या मशीन वर्षानुवर्षं वापरत आले आहेत, त्यामुळे ड्रायव्हरची (वायफाय, कॅमेरा वगैरे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) रड कमी.

माझी पहिली पसंती २०१८च्या थिंकपॅड टी४८०ला. वजन साधारण १.६ किलो. रॅमच्या दोन जागा, त्यामुळे आज ८ जीबीवर भागवून पुढच्या सेमिस्टरला १६ करता येते. बॅटऱ्याही दोन, एक आत आणि एक मागून निघणारी. आतली चार्ज असेल तर मशीन चालू ठेवूनच मागची बदलता येते. लोडशेडिंग सोसणाऱ्या घराला याचं मोल सांगायला नको. एसटीत मांडीवर बॅग घेऊन बसायचं असेल आणि वजनच डाचत असेल, तर थिंकपॅडचाच एक्स१ कार्बन बघा, तो १.१ किलोच्या आसपास आहे. पण त्याची रॅम बोर्डावर पक्की असते, नंतर वाढत नाही. १६ जीबीवाला मिळाला तरच घ्या.

दुकानात एका गोष्टीला भुलू नका, ती म्हणजे आय७ प्रोसेसरचं स्टिकर. पातळ लॅपटॉपमधल्या सातव्या पिढीच्या यू मालिकेतल्या आय७ला दोनच कोर, म्हणजे काम करणारे दोनच हात आहेत. आठव्या पिढीच्या आय५ला चार. दुकानदार पहिल्याचे जास्त पैसे मागतो आणि गिऱ्हाईक खुशीत देतंही.

आता पेनड्राइव्ह. घरूनच त्यावर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) टाकून न्या. थिंकपॅड आणि डेलवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेनड्राइव्हवरूनच मशीन सुरू करा, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. फोनचा हॉटस्पॉट लावून वायफाय जोडा, गाणं वाजवा, कॅमेरा उघडा. मग झाकण मिटा, एक चहा घेऊन या आणि उघडा. स्क्रीन जागी झाली नाही, तर नमस्कार करून पुढचं दुकान. बॅटरीची माहितीही उघडा. तिथे दोन आकडे असतात, मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या. दुकानदार म्हणेल, "ताई, डोळे मिटून न्या." तेवढं मात्र करू नका.

टी४८०चा बोटाचा ठसा घेणारा सेन्सर लिनक्सवर सरळ चालत नाही. पासवर्ड टाकावा, बोटं झिजत नाहीत.

प्रश्न : मेहकर. नव्या लॅपटॉपवर मिंट टाकलं, पण वायफायच दिसत नाही. दुकानदार म्हणतो, लिनक्सच टाकाऊ.

बहुधा तुमची वायफायची चिप कर्नलपेक्षा (लिनक्सच्या गाभ्यापेक्षा) नवी आहे. फोन केबलने जोडा, फोनमधलं यूएसबी टेदरिंग (केबलमधून नेट देणं) चालू करा, लगेच नेट येईल. मग अपडेट मॅनेजरमधून नवं कर्नल घ्या. ब्रॉडकॉमची चिप निघाली, तर ड्रायव्हर मॅनेजर उघडा. इंटेलच्या वायफायला हा व्याप सहसा पडत नाही, म्हणून मी आधी चिप विचारतो आणि मग प्रोसेसर.

प्रश्न : माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. विंडोज १० बंद झालं म्हणतात. सगळं लिनक्सवर नेऊ का?

विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, हे खरं. तरी अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (आधारसाठी ठसा घेणारं सॉफ्टवेअर) बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळते. केंद्राच्या मशीनला हात लावू नका. घरच्या जुन्या मशीनवर खुशाल टाका.

प्रश्न : हिंगणघाट. लिनक्स टाकल्यापासून मे महिन्यात पंखा घरघरतो, हात लावू देत नाही. लिनक्समुळे?

कापसाचं जिनिंग (सरकी काढायचा कारखाना) किती लांब आहे? अशाच एका मशीनचं मागचं झाकण उघडलं, तर पंख्यासमोरच्या तांब्याच्या पात्यांवर कापसाचं वाकळीसारखं जाड अस्तर बसलेलं. चिमट्याने ते एका तुकड्यात निघालं. वारा जायला फटच नव्हती. आधी मशीन बंद करा, बॅटरी सोडवा, पंखा काडीने धरून ठेवा (फिरू देऊ नका), मग ब्रशने झाडा. कपाशीच्या हंगामानंतर दरवर्षी हे करा.

आणि लॅपटॉप गादीवर ठेवून वापरत असाल, तर आज एक पाट घ्या. दिवसभर चार्जरवरच असेल, तर टीएलपी नावाचं सॉफ्टवेअर टाकून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. थिंकपॅडवर ते नक्की चालतं. ४५ अंशांत पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी लवकर फुगते, आणि फुगलीच, तर आधी टचपॅड वर उचललेला दिसेल. तसं दिसलं की वापर तिथेच थांबवा.