वाचक विचारतात : नेम राजावर

प्रश्न : थॉमस पेनच्या ‘कॉमन सेन्स’मुळे अमेरिकन वसाहती स्वातंत्र्याकडे वळल्या म्हणतात. ४७ पानांत असं होतं तरी काय? आणि लाखावर प्रती खपल्या हे खरं का?

उत्तर : पुस्तिका १० जानेवारी १७७६ रोजी फिलाडेल्फियात निघाली, लेखकाच्या नावाविना. ब्रिटिश सैन्य आणि वसाहतवाल्यांच्या लेक्सिंग्टनमधल्या पहिल्या चकमकीला नऊ महिने होत आले होते, तरी बहुतेकांचा राग ब्रिटिश पार्लमेंटवर आणि मंत्र्यांवरच होता. राजा भला, कारभारी वाईट! जुलै १७७५मध्ये काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, राजा तिसऱ्या जॉर्जकडे समेटाचा अर्ज धाडला तो याच समजुतीपोटी. पेनने ती समजूतच मोडली.

आधीची बरीच पत्रकं सनदा, कलमं आणि लॅटिन वचनांनी भरलेली असत. पेनच्या वाचकाच्या घरात बायबल होतं, म्हणून त्याने त्यातल्या ‘१ शमुवेल’ या पुस्तकाचा आठवा अध्याय काढला. इस्राएली राजा मागतात. संदेष्टा शमुवेल बजावतो, राजा तुमची मुलं, शेतं, कळप नेईल. (पुढे याच पेनने बायबलवर सडकून टीका केली, तो भाग वेगळा.) मग इंग्लंडच्या गादीचं मूळ : लुटारूंची हत्यारबंद टोळी घेऊन उतरलेला फ्रेंच अनौरस, इंग्लंड जिंकणारा विल्यम. इतकं झाल्यावरच रोकडा सवाल, एका बेटाने अख्ख्या खंडावर कायम राज्य का करावं? हा क्रम उलटा असता तर राजनिष्ठ वाचकाने दुसऱ्याच पानावर पुस्तिका मिटली असती. शिवाय वसाहतींना बंडखोर ठरवणारं राजाचं भाषण त्याच सुमारास शहरात येऊन थडकलं.

आता खप. तीन महिन्यांत १,२०,००० हा दावा खुद्द पेनचा. वस्ती सुमारे २५ लाख, त्यात जवळपास ५ लाख गुलाम. छपाई हाताची, कागद दुर्मीळ. आकडा पचत नाही. मात्र वर्षभरात गावोगावी आवृत्त्या निघाल्या, जर्मन भाषांतरही झालं. पहिला मुद्रक रॉबर्ट बेल दोन शिलिंग घेई. पेनने आपला वाटा ब्रिटिशांच्या ताब्यातल्या क्वेबेकवर निघालेल्या वसाहतींच्या सैनिकांच्या हातमोज्यांसाठी ठेवला होता. बेल म्हणाला, नफाच नाही. दोघांचं बिनसलं आणि पेनने वाढवलेली आवृत्ती दुसरीकडून एका शिलिंगला काढली.

जोतीराव फुल्यांवर ज्याचा ठसा उमटला ते पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ मात्र नंतरचं, १७९१-९२चं.