समुद्रकिनाऱ्यावरच्या पक्षीगणनेला अगदी नवख्या माणसाने जावं का? पुण्यात राहून तयारी कशी करायची?

जा, बिनधास्त जा. कावळा, कबुतर, साळुंकी आणि पोपट यापलीकडे काही ओळखता येत नाही, पुण्यातला एक गट जानेवारीत अलिबागकडे पाणपक्षी मोजायला निघालाय आणि तिथे आपण अडगळ ठरू, अशी तुमची धास्ती दिसते. गणनेत पक्षी ओळखणारे दोघे असले तरी भागतं. तुटवडा असतो तो मोजणाऱ्यांचा आणि जे मोजलं ते नीट लिहून घेणाऱ्यांचा.

आधी एक फरक लक्षात घ्या. पक्षी बघायची सहल वेगळी आणि गणना वेगळी. सहलीत आपण नवीन पक्ष्याच्या मागे धावतो, फोटो काढतो, दुर्मीळ काही दिसलं की दिवस सार्थकी लागतो. गणनेत तीच खाडी, तोच किनारा, शक्यतो तोच काळ आणि दिसेल तो प्रत्येक पाणपक्षी, साधा बगळासुद्धा. तुमचा गट बहुधा आशियाई पाणपक्षी गणनेसाठी जात असणार. भारतीय उपखंडात ती १९८७ पासून दर जानेवारीत होते. ठिकाण आणि पद्धत बदलली नाही, तरच या वर्षीचा आकडा मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवता येतो. म्हणून मागच्या वर्षी जिथे तीनशे पक्षी होते तिथे यंदा शून्य दिसले, तर ते शून्यही लिहायचं. ‘आज काही नव्हतं’ म्हणून कागद कोरा ठेवणारे महाभाग भेटतात, त्यांचं ऐकू नका.

आता किनाऱ्याची गोष्ट, कारण पुण्याची माणसं हमखास इथेच फसतात. आपल्याला भिगवण, पाषाण, कवडी अशा पुण्याजवळच्या पाणवठ्यांची सवय. सकाळी लवकर पोचलं की झालं, पाणी कुठे पळून जात नाही. कोकणात घड्याळ चंद्राच्या हातात असतं. ओहोटीला चिखल आणि वाळू उघडी पडते, चिखले, तुतवार, कोरल वगैरे चिखलात चरणारी पक्षी मंडळी दूरवर पांगतात आणि तुमच्या दुर्बिणीत फक्त ठिपके हलताना दिसतात. भरती चढायला लागली की पाणी त्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणतं. शेवटी वाळूच्या एखाद्या पट्टीवर, खडकांवर किंवा मिठागराच्या बांधावर सगळे एकत्र येऊन बसतात. मोजायची खरी वेळ भरतीच्या आधीचे दोन-तीन तास आणि भरतीची घटका.

किनाऱ्यावरची जुनी माणसं यासाठी सोपा हिशेब करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. बाराच्या आसपास ओहोटी. अष्टमीला तुम्ही आठ वाजता पोचलात तर पक्षी तुमच्यापासून लांब लांब जात राहणार. एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत किंवा अमावास्येपर्यंत सकाळच्या गणनेला सोयीचे दिवस, कारण भरती साधारण सव्वाआठ ते सव्वाअकराच्या दरम्यान येते. हा हिशेब मिनिटाला मिनिट जुळत नाही, तासभर इकडेतिकडे होतं, म्हणून निघण्यापूर्वी त्या ठिकाणचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच. शिवाय सकाळीच जायला आणखी एक कारण आहे. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि पिसांचे रंग नीट दिसतात. संध्याकाळी तेच पक्षी काळ्या सावल्या होतात. यासाठी पुण्यातून पहाटे साडेतीन-चारला निघायची मनाची तयारी ठेवा किंवा आदल्या रात्री मुक्काम करा.

तिथे गेल्यावर तुम्हाला बहुतेक लिहायचं काम मिळेल. ते हलकं समजू नका. एक जण स्पॉटिंग स्कोपला, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला, डोळा लावून पक्ष्याची जात आणि आकडा सांगतो, लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मग लिहायचा. वाऱ्यात ‘साठ’ आणि ‘आठ’ सारखेच ऐकू येतात. वेळ, जागा आणि भरतीची स्थितीही तिथल्या तिथे लिहायची, ‘घरी जाऊन भरू’ असं नाही.

थवा मोजणं हे पंगत मोजण्यासारखं आहे: एका रांगेत पानं किती ते नीट मोजायचं, मग रांगा किती ते बघायचं. दहा पक्षी एकेक करून मोजा, ते दहा किती जागा व्यापतात हे डोळ्यात बसवा आणि तेवढे तुकडे थव्यावर टाकत जा. मोठा थवा असेल तर पन्नासांचे तुकडे. दोघांनी वेगवेगळं मोजून आकडे ताडून बघणं सगळ्यात चांगलं. नवखा माणूस मोठ्या थव्याचा आकडा बहुतेक कमीच सांगतो, हे माहीत असू द्या.

जात ओळखता आली नाही तर? तसंच लिहा. छोट्या सँड प्लोव्हरांमध्ये, म्हणजे वाळूतल्या चिखल्यांमध्ये, सैबेरियन कोण आणि तिबेटी कोण, यावर मुरलेली माणसंही वाद घालतात, आणि नोंदीत ‘या दोघांपैकी एक’ असं लिहायची सोय असते. कुरवांचं, म्हणजे सीगलचं, त्याहून अवघड. मोठ्या कुरवांना प्रौढ पिसारा यायला तीन-चार वर्षं लागतात आणि दरवर्षी ते वेगळेच दिसतात. हर्णैसारख्या मासळी बंदरावर होड्यांभोवती घिरट्या घालणारे शेकडो कुरव बघितले की कळेल. ‘मोठा कुरव, जात अनिश्चित, २००’ ही नोंद प्रामाणिक आहे. अंदाजाने एक भारी नाव ठोकून दिलेली नोंद निरुपयोगीच नाही, तर घातक आहे.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं वाटेल. उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात पिल्लं वाढवून आपल्या किनाऱ्यावर हिवाळा काढायला येणारे हे पक्षी खरंच कमी होतायत. २०२४ मध्ये ग्रे प्लोव्हर आणि कर्ल्यू सँडपायपर या दोन्ही जाती जागतिक लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या यादीत, ‘असुरक्षित’ गटात गेल्या, आणि दोन्ही कोकणात दिसतात. भारतापुरतं बोलायचं तर २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे, तो ३०,०००हून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यातले बरेचसे तुमच्या-माझ्यासारखे हौशी.

जानेवारीपर्यंत पुण्यात बसून काय करता येईल? पुष्कळ. रविवारी सकाळी लोणी काळभोरजवळ कवडीला जा. नदीचा वास आणि फेस याबद्दल आधीच क्षमस्व, पण शेकाट्या, तुतवार आणि छोटा चिखल्या तिथे जवळून दिसतात आणि किनाऱ्यावरच्या जातींचे हे चुलतभाऊ आहेत. चोचीची लांबी, पायांचा रंग, चालायची ढब बघायची सवय इथेच लावा. भिगवणला रोहित पक्ष्यांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, फोटोंसाठी होडीत गर्दी असते. तुम्ही नावाड्याला थोडं बाजूला न्यायला सांगा आणि बदकं मोजून बघा. मोजण्याचा सराव तर घराजवळही होतो: संध्याकाळी नदीकाठच्या झाडावर मुक्कामाला येणारे गायबगळे मोजा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर खातं उघडा, पंधरा मिनिटांची पूर्ण यादी, म्हणजे ओळखता आलेला प्रत्येक पक्षी असलेली यादी, भरायला शिका. पाणपक्षी गणनेच्या याद्याही त्यावर भरता येतात, सोबत त्या पाणथळ जागेबद्दलचा एक अर्ज असतो. पक्षी ओळखायला मदत करणारं मर्लिन ॲप घ्या, फुकट आहे, पण किनाऱ्यावरच्या वाऱ्यात त्याच्या आवाज ओळखण्यावर भिस्त ठेवू नका.

दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, घ्या. जास्त मोठं दिसावं म्हणून लोक १२ किंवा २० पट घेतात, मग हात थरथरतो आणि काहीच दिसत नाही. लगेच खर्च नको असेल तर पहिल्या वेळी गटातल्या कुणाची तरी मागा, बरेच जण जास्तीची आणतात. पायात चप्पल नको, खाडीचा चिखल ती परत देत नाही. टोपी, पाणी, पेन्सिल. शाई दवाने पसरते.

आणि एक गोष्ट मी दर वेळी सांगतो, काहींना राग येतो. भरतीला बसलेल्या थव्याच्या दिशेने चालत जाऊ नका. ती त्यांची विश्रांतीची जागा आहे, आणि उडालेला थवा दुसरीकडे बसला की तुमच्या शेजारच्या गटाने तो पुन्हा मोजलाच म्हणून समजा. सुरूच्या बनात समुद्र गरुडाचं घरटं दिसलं तर त्याचं ठिकाण व्हॉट्सॲपवर टाकू नका. कॅमेरेवाल्यांची जत्रा भरायला एक दिवस पुरतो. त्यापेक्षा जाळी विणत बसलेल्या कोळी काकांशी बोला. भरतीला पक्षी नेमके कुठे बसतात हे त्यांना ठाऊक असतं, फक्त ‘कशासाठी मोजताय?’ या प्रश्नाचं सरळ उत्तर तयार ठेवा.

पैसे भरण्यापूर्वी गटप्रमुखांना एकच विचारा: त्या दिवशी तिथे भरती किती वाजता आहे? वेळ लगेच सांगितली तर निर्धास्त जा. उत्तरात फक्त नाश्त्याचं ठिकाण आणि सुरमई थाळीचा दर आला, तर ती सहल आहे. तिलाही जा, थाळी चांगली असते, पण मोजायला दुसरा गट शोधा.