‘नजर खिळणे’ मराठीच आहे: टक, दिठी आणि खिळा यांविषयी

परभणीच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांनी आपल्या कथेत ‘निरोप ऐकला आणि आईची नजर उंबरठ्यावर खिळली’ असे वाक्य लिहिले होते. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ते बदलून ‘आई उंबरठ्याकडे टक लावून पाहू लागली’ असे केले आणि समासात शेरा मारला की नजर ‘खिळणे’ हे इंग्रजी वळण आहे, अस्सल मराठी ‘टक लावणे’ हेच होय. संपादकांचे म्हणणे बरोबर आहे का, दोन्ही प्रयोगांचा अर्थ एकच आहे का, आणि इतर भाषांत स्थिर पाहण्याला काय म्हणतात, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. ‘खिळणे’ हे क्रियापद ‘खिळा’पासून आले आहे, आणि खिळा हा संस्कृत ‘कील’ व प्राकृत ‘खील’ या वाटेने आपल्याकडे आलेला घरचा शब्द आहे. त्याचा लाक्षणिक वापरही घरचाच आहे. महिनोन्‌महिने उठू न शकणाऱ्या माणसाला खेड्यातली कधीही शाळेत न गेलेली म्हातारी ‘अंथरुणाला खिळला’ असेच म्हणते. चालू कामात अडथळा आला की ‘खीळ बसली’ म्हणतात. भीतीने माणूस ‘जागच्या जागी खिळतो’. त्याहून जुनी साक्ष हवी असेल तर तुळजापूर, माहूर किंवा अंबाजोगाई येथे नवरात्रात सप्तशतीचा पाठ ऐकावा. पाठापूर्वी कवच आणि अर्गला यांच्याबरोबर ‘कीलक’ म्हटले जाते. कीलक म्हणजे खुंटी, खिळा. मंत्राची शक्ती जणू खिळ्याने जखडलेली आहे आणि ती मोकळी करावयाची आहे, अशी त्यामागची कल्पना आहे. जी भाषापरंपरा मंत्रालाही खिळा ठोकू शकते, तिला नजरेला खिळा ठोकण्यासाठी इंग्रजीकडे जाण्याची गरज पडली असेल, असे मला वाटत नाही.

संपादकांची शंका कोठून आली असावी, हे मात्र समजण्यासारखे आहे. इंग्रजीत ‘फिक्स’ हे क्रियापद डोळ्यांच्या बाबतीत वापरतात, आणि ते लॅटिन ‘फिगेरे’ म्हणजे रोवणे, ठोकून बसवणे, यापासून आले आहे. दोन भाषांत एकच प्रतिमा दिसली की आपली प्रतिमा उसनी असली पाहिजे, असे आपण फार लवकर ठरवून टाकतो. परंतु हीच प्रतिमा ज्या भाषांनी एकमेकींकडून घेतलेली असणे संभवत नाही, त्यांतही दिसते. स्पॅनिशमध्ये टक लावून पाहण्याला ‘क्लावार ला मिरादा’ म्हणतात. ‘क्लावो’ म्हणजे खिळा, त्यामुळे या प्रयोगाचा शब्दशः अर्थ ‘नजर खिळ्याने ठोकणे’ असा होतो. चिनी भाषेत रोखून पाहणे या अर्थाचा ‘तिंग’ आणि खिळा या अर्थाचा ‘तिंग’ यांचा उच्चार एकच आहे. लिहिताना दोन्ही चिन्हांत उच्चार दाखवणारा घटक तोच असतो, फक्त एकाला डोळ्याची खूण जोडतात आणि दुसऱ्याला धातूची. फारसीत ‘चश्म दोख्तन’ म्हणतात, म्हणजे डोळा शिवणे. तेथे खिळ्याच्या जागी सुई-दोरा आला. हिंदीत आणि उर्दूत ‘नज़रें गाड़ना’ आहे, आणि त्यातले ‘गाड़ना’ आपल्या ‘गाडणे’चे भावंड आहे.

आमच्या मराठवाड्याला तर एवढ्या दूर जाण्याचीही गरज नाही. उदगीर, निलंगा, उमरगा या पट्ट्यात कन्नड आणि देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानावर पडतच असते. कन्नडमध्ये एकाग्र दृष्टीला ‘नेट्ट नोट’ असा सुंदर शब्द आहे. ‘नेडु’ म्हणजे रोप लावणे, खांब रोवणे. त्याचे भूतकालवाचक विशेषण ‘नेट्ट’. म्हणून ‘नेट्ट नोट’ म्हणजे रोवलेली नजर. लोहाराचा खिळा, शिंप्याचा टाका आणि शेतकऱ्याने लावलेले रोप या तिन्हींत क्रिया एकच आहे: इकडेतिकडे हलणारी वस्तू एका जागी पक्की करणे. माणसाचा डोळा स्वभावतः चंचल आहे आणि तो थांबला की कोणीतरी थांबवल्यासारखा दिसतो, हे निरीक्षण करण्यासाठी एका भाषेला दुसरीचे शिष्यत्व पत्करावे लागत नाही.

येथे फ्रेंचमधील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथे ‘फिक्से’ म्हणजे पक्के करणे. त्यावरून एखाद्याकडे टक लावून पाहण्यालाही लोक नुसते ‘फिक्से’ म्हणू लागले, तेव्हा शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी त्यावर दीर्घकाळ आक्षेप घेतला. ‘नजरेने फिक्स करणे’ असे पूर्ण म्हणा, नाहीतर माणसालाच भिंतीला ठोकले असा अर्थ होईल, असा तो आक्षेप होता. लोकांनी तो मानला नाही. आपल्या वाचक भगिनींनी तर ‘नजर’ हा शब्द रीतसर लिहिलेला आहे, त्यामुळे तेवढीही हरकत त्यांच्यावर घेता येत नाही.

अर्थात रोवणे-ठोकणे ही एकच कल्पना नाही. दुसऱ्या काही भाषांनी स्थिर नजरेकडे पापणीच्या बाजूने पाहिले आहे. तेलुगूत ‘रेप्प वाल्चकुंडा’ म्हणजे पापणी न पाडता, कन्नडमध्ये ‘एवेयिक्कदे’ म्हणजे पापणी न मिटता, बंगालीत ‘अपलक’, आणि मराठीत ‘पापणी न लवता’ किंवा ‘पातं न लवता’. संस्कृतातील ‘अनिमिष’ आणि ‘निर्निमेष’ हे याच घरातले शब्द आहेत. निमिष म्हणजे पापणीची मिटण्याची क्रिया, आणि त्यावरूनच क्षणाचे माप. अमरकोशात ‘अनिमिष’ शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत, देव आणि मासा, कारण दोघांच्याही पापण्या लवत नाहीत. महाभारताच्या वनपर्वात दमयंतीसमोर नळाचेच रूप घेतलेले चार देव उभे राहतात, तेव्हा ती त्यांना ज्या खुणांवरून ओळखते त्यांत न लवणारे डोळे ही एक खूण आहे. तेथे मूळ शब्द ‘स्तब्धलोचन’ असा आहे, आणि तो आपल्याला तिसऱ्या कल्पनेकडे नेतो. ‘स्तब्ध’ म्हणजे ताठलेला, खांबासारखा झालेला. ‘स्तंभ’ त्याच धातूचा. जर्मनमध्ये ‘श्टारन’ म्हणजे टक लावून पाहणे आणि ‘श्टार’ म्हणजे ताठर. इंग्रजी ‘स्टेअर’ही त्याच कुळातला आहे. येथे ना खिळा आहे ना पापणी, डोळाच लाकडासारखा कडक झाला आहे. माझ्या मते या तिन्हींत ताठरपणाची कल्पना सर्वांत कोरडी आहे आणि पापणीची सर्वांत हळवी. म्हणूनच प्रेमाच्या आणि भक्तीच्या वर्णनात आपल्याकडे ‘अनिमिष’ चालतो, तेथे ‘ताठर नजर’ चालत नाही. हठयोगातील त्राटकाच्या व्याख्येत मात्र निश्चल दृष्टी आणि शेवटी डोळ्यांतून येणारे पाणी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत: सूक्ष्म लक्ष्याकडे अश्रू येईपर्यंत पाहत राहणे म्हणजे त्राटक.

आता दुसरा प्रश्न, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. संपादकांनी केलेल्या बदलाने वाक्याचा अर्थ बदलला आहे. ‘टक लावणे’ ही पाहणाऱ्याने केलेली गोष्ट आहे. ‘नजर खिळणे’ ही त्याच्याकडून घडून गेलेली गोष्ट आहे. व्याकरणच हे सांगते. टक लावणाराच वाक्याचा कर्ता असतो आणि तो कशा‘कडे’ तरी टक लावतो; खिळते ती नजर, आणि ती कशा‘वर’ तरी खिळते; न्याहाळणारा मात्र मध्ये कोणतेही ‘कडे’ किंवा ‘वर’ न आणता थेट ‘चेहरा न्याहाळतो’. दिशा, आघात आणि स्पर्श असे तीन वेगळे संबंध आपल्या भाषेने तीन प्रत्ययव्यवस्थांत मांडून ठेवले आहेत. निरोप ऐकून सुन्न झालेली आई उंबरठ्याकडे टक लावत नाही. ती काही पाहतच नसेल. तिची नजर जेथे होती तेथे राहिली.

‘लावणे’ आणि ‘लागणे’ या जोडीकडेही थोडे लक्ष द्यावे. टक लावतात, तशी टकही लागते, आणि ‘टक लागली’ यात ‘खिळली’च्या जवळचा, आपल्या हातात नसल्याचा अर्थ येतो. पण हेच ‘लागणे’ पुढे किती वेगळ्या दिशांना जाते पाहा. ‘डोळा लागला’ म्हणजे झोप आली, पाहणे संपलेच. ‘नजर लागली’ म्हणजे दृष्ट झाली, आणि मग मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळणे आले. ‘डोळे लावून बसणे’ म्हणजे वाट पाहणे. मृगात पाऊस ओढ देतो तेव्हा मराठवाड्यातला शेतकरी आभाळाकडे टक लावत नाही, तो डोळे लावून बसतो. टक क्षणांची किंवा घटकांची असते, डोळे लावणे दिवसांचे आणि आठवड्यांचे असते. उर्दूत वाट पाहणाऱ्याला ‘चश्म-ब-राह’ म्हणतात, वाटेवर डोळा असलेला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथे निजामाचे राज्य होते आणि उर्दू ही कारभाराची भाषा होती, त्यामुळे हे शब्द आमच्या आधीच्या पिढीला परके नव्हते. तरी ‘वाटेकडे डोळे लावणे’ हे त्यावरून बेतलेले आहे असे कोणी म्हणू लागला तर मी त्यालाही वर खिळ्याविषयी दिलेलेच उत्तर देईन.

दृष्ट या शब्दाच्या निमित्ताने एक सख्खे नाते सांगतो. संस्कृत ‘दृष्टी’चे प्राकृतात ‘दिट्ठि’ झाले आणि त्यातून ज्ञानेश्वरीतला ‘दिठी’ हा शब्द आला. खेड्यांत आजही ‘दीठ लागली’ असे ऐकू येते. तोच शब्द कन्नडने ‘दिट्टि’ म्हणून घेतला आणि त्याचे ‘दिट्टिसु’ असे क्रियापद घडवले, ज्याचा अर्थ टक लावून पाहणे असाच आहे. मराठीत मात्र टक लावून पाहणे या अर्थाचे ‘दिठी’चे क्रियापद रूढ झाले नाही. मला याची थोडी हळहळ वाटते, कारण ‘दिठावणे’सारखा एखादा शब्द आपल्याकडे सहज शोभला असता.

इतर शब्दांविषयी थोडक्यात सांगतो. ‘न्याहाळणे’ हा संस्कृत ‘निभालयति’चा वंशज आहे आणि हिंदी ‘निहारना’ त्याचा भाऊ. दोन्हींत पाहणाऱ्याची माया आहे. ‘निरखणे’ हे ‘निरीक्षण’चे घरगुती रूप असून त्यात मायेपेक्षा बारकावा अधिक आहे. ‘रोखून पाहणे’ यात रोख आहे, म्हणजे नेम. बंदूक रोखतात तशी नजर रोखतात, म्हणून त्यात आव्हान किंवा जरब येतेच. हिंदी ‘ताकना’ हा तर्क करणे या अर्थाच्या ‘तर्कयति’पासून प्राकृत ‘तक्केइ’ या मार्गे आलेला आहे, आणि पंजाबीत त्याच कुळातला ‘तक्कणा’ नुसत्या पाहण्यालाही चालतो. अंदाज बांधण्यातून बघण्याकडे गेलेला हा प्रवास मला फार आवडतो, कारण आपणही ‘बघू या’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा विचार करू या असेच म्हणत असतो. हिंदी ‘घूरना’साठी मात्र मराठीत तेवढाच नेमका एक शब्द नाही, प्रसंग पाहून डोळे वटारणे, रोखून पाहणे किंवा वखवखलेल्या नजरेने पाहणे यांतून निवड करावी लागते.

राहिले बोलीतले शब्द. आमच्याकडे पाळण्यातले मूल नव्या माणसाकडे पाहू लागले की ‘लेकरू कसं टकमक बघायलंय’ असे म्हणतात, आणि तेच लेकरू तापाने मलूल झाले तर ‘टुकूटुकू बघायलंय’. ‘टकमक’मध्ये कुतूहल आहे, डोळे मोठे आहेत, ‘टुकूटुकू’मध्ये डोळे तेवढे जागे आहेत आणि अंग थकलेले आहे. एका ‘अ’चा ‘उ’ झाला आणि नजरेतली ताकद निघून गेली. हा फरक प्रमाण मराठीतील कोणत्याही एका शब्दाने दाखवता येत नाही, म्हणून कथाकारांनी हे दोन्ही शब्द संवादातच नव्हे तर निवेदनातही निःसंकोच वापरावेत, असे माझे मत आहे.

वाचक भगिनींना एवढेच सांगतो की पुस्तकासाठी कथा पुन्हा लिहाल तेव्हा आपले मूळ वाक्य जसेच्या तसे परत आणावे. त्याच कथेत पुढे, तुम्ही कळवल्याप्रमाणे, आई नातवाच्या चेहऱ्यात हरवलेल्या मुलाच्या खुणा शोधते, तेथे तुम्ही ‘एकटक पाहिले’ असे लिहिले आहे. त्या ठिकाणी ‘न्याहाळले’ हा शब्द घालून पाहावा.