आधी श्वास सोडायचा

"मॅडम, मोबाइलवर बघून रोज प्राणायाम करतो. तरी पाऊस लागला की छातीत धडधडतं, श्वास पुरत नाही. मोठमोठे श्वास घेतले की आणखीच गुदमरतं. माझं काय चुकतंय?"

मी समुपदेशक आहे. असा प्रश्न मला परीक्षेला बसलेल्या मुलांनी विचारलाय, करोनातून उठलेल्यांनी विचारलाय, घरातलं माणूस गेल्यावर महिनाभर न झोपलेल्यांनी विचारलाय. पण तो ऐकला की मला आधी चिपळूणचे एक काका आठवतात. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांच्याबद्दल लिहिते आहे.

काका आले ते 2022 च्या जूनमध्ये. वय अठ्ठावन्न, बाजारपेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान. सोबत काकू. 22 जुलै 2021 ला पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा दोघं दुकानाच्या माडीवर होते. चिपळूणला पूर नवा नाही, 2005 चाही त्यांनी बघितला होता. पण या वेळी पाणी चढायचं थांबेचना. वीज गेली, फोन गेले. मुलगा खेर्डीला होता, त्याचा दुसऱ्या दिवसापर्यंत पत्ता नव्हता. करोनामुळे शाळा बंद होत्या, त्यामुळे दोन मोसमांचा माल तसाच पडून होता. पाणी ओसरल्यावर काय दिसलं ते काका सांगत नव्हते. काकूंनी सांगितलं. वह्या पाणी पिऊन इतक्या फुगल्या होत्या की रॅकमधून निघेनात. शेवटी कुऱ्हाडीने रॅक फोडावे लागले.

त्यानंतर वर्षभर काका कामात होते. चिखल काढणं, पंचनामे, कर्ज, रंग, नवं फर्निचर. लोक म्हणायचे, बघा कसा उभा राहिला माणूस. आणि मग जूनचा पहिला मोठा पाऊस लागला. रात्री पागोळ्यांचा आवाज सुरू झाला तसे काका अंथरुणात उठून बसले. घाम, धडधड, हाताला मुंग्या, ओठ बधिर. हार्ट अटॅकच आला असं समजून घरच्यांनी दवाखान्यात नेलं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, साखर, सगळं नीट निघालं. डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे, प्राणायाम करा. काकांनी ते मनावर घेतलं आणि पहाटे उठून तीनशे कपालभाती सुरू केल्या.

"रात्रीत चार वेळा उठतात," काकू म्हणाल्या. "एकदा साडेबाराला, मग दोनला, सव्वातीनला आणि पाचला. खिडकीशी जातात, बॅटरी मारून रस्ता बघतात, परत येतात." मी ते लिहून घेतलं.

मग काकांना म्हटलं, जसा श्वास घेता तसा दाखवा. त्यांनी खांदे कानापर्यंत उचलले, तोंड उघडून छातीभर हवा ओढली, ती पूर्ण बाहेर जायच्या आत दुसरा श्वास, लगेच तिसरा. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला सव्वीस. मोठ्या माणसाचे शांत बसलेल्या वेळी साधारण बारा ते वीस होतात. दोन मिनिटांत काका म्हणाले, "हे बघा, आल्या मुंग्या."

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं. अशा वेळी शरीराला ऑक्सिजन कमी पडत नसतो. भराभर मोठे श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं. रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल हलतो, म्हणून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. आणि नेमकं त्याच वेळी श्वास पुरत नाही असं वाटतं, म्हणून माणूस आणखी मोठा श्वास ओढतो. काका रोज पहाटे मन लावून, कष्टाने हेच करत होते. कपालभाती वाईट नाही, पण ती जोरकस, वेगवान क्रिया आहे. धडधडीने घाबरलेल्या माणसाने, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्याने, गरोदर बाईने ती स्वतःच्या मनाने करू नये. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथातच म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा प्राणही 'शनैः शनैः' वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. जुन्या लोकांनी इतक्या स्पष्ट शब्दांत बजावलेलं असताना आपण 'टेन्शन आहे ना, प्राणायाम कर' एवढंच सांगून मोकळे होतो, याचं मला वाईट वाटतं. कुठला, किती, कसा, हे कोणी सांगत नाही.

मी काकांना त्यांच्याच मनगटावर बोटं ठेवायला सांगितली. श्वास आत जाताना नाडी किंचित वेग घेते, बाहेर जाताना मंदावते. त्यांना ते दोन-तीन प्रयत्नांत कळलं आणि पहिल्यांदा चेहऱ्यावर कुतूहल दिसलं. शरीराला शांत करणारी व्हेगस नावाची नस श्वास सोडताना जास्त काम करते. म्हणून भर द्यायचा तो सोडण्यावर. घेणं आपोआप होतं.

पहिल्या दिवशी माझी एक चूक झाली, तीही सांगते, कारण घरी करणाऱ्यांना उपयोगी पडेल. सवयीने मी म्हटलं, डोळे मिटा. अर्ध्या मिनिटात काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. डोळे मिटल्याबरोबर त्यांना पाण्याचा आवाज येऊ लागला होता. ज्याने मोठा धक्का सोसलाय त्याला मिटलेल्या डोळ्यांमागे तेच दिसतं. तेव्हापासून आम्ही डोळे उघडे ठेवूनच केलं. पाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीला, नजर समोरच्या कॅलेंडरवर. तोंड बंद. आधी नाकाने सावकाश श्वास सोडून द्यायचा, फुंकर घालून दिवा विझवायचा नाही, नुसता थरथरवायचा, इतका हळू. मग चार आकडे होईपर्यंत घ्यायचा, सहा आकडे होईपर्यंत सोडायचा. रोखायचा नाही. चार-सहा जड गेलं तर तीन-चार. पोट हललं पाहिजे, खांदे नाही. असं पाच मिनिटं, सकाळी आणि दिवेलागणीला. चार आणि सहा सेकंद धरले तर मिनिटाला सहा श्वास होतात, आणि या गतीला हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचा मेळ चांगला बसतो हे अभ्यासातून दिसलं आहे.

"आणि रात्री धडधड सुरू झाली की?" काकांनी विचारलं.

"तेव्हाही हेच. पण पहिले पंधरा दिवस तेव्हाची अपेक्षा ठेवायची नाही. पोहायला कोणी पुरात शिकतं का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण काका म्हणाले, "बरोबर आहे. मी तळ्यात शिकलो."

पाच मिनिटं आकडे मोजत बसणं त्यांना जमेना. दुकानदार माणूस, आकडा आला की हिशोब आठवायचा आणि हिशोबातून कर्ज. तेव्हा मी विचारलं, लहानपणी दिवेलागणीला काय करायचात? परवचा म्हणायचो, म्हणाले. शुभंकरोति, मग पाढे, पावकी-निमकीसुद्धा. घरात सात वर्षांची नात होती. ठरलं की आजोबा आणि नातीने रोज संध्याकाळी पाढे म्हणायचे, मोठ्याने, एका श्वासात एक ओळ, शेवटचा आकडा लांबवून, घाई नाही. ओळ म्हणताना श्वास आपोआप सावकाश बाहेर जातो आणि दोन ओळींच्या मध्ये आपोआप आत येतो. 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणा किंवा 'ओम मणि पद्मे हुम' म्हणा, दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, असं त्यात आढळलं. आपली आरती, हरिपाठ, परवचा यांच्यात हा गुण असणार असं मला फार वाटतं, आणि ज्यांच्या घरात म्हणण्याची सवय होती त्यांना मी आधी तीच परत धरायला सांगते. नवीन काही शिकण्यापेक्षा ते सोपं जातं.

श्वासाचं इथपर्यंत. पण दिवसातल्या दहा मिनिटांच्या श्वासाने उरलेल्या तेवीस तास पन्नास मिनिटांची भरपाई होत नाही. काकांचा दिवस विचारला तर दुकानात सात-आठ कटिंग चहा, शेवटचा रात्री आठला. चहातल्या कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला पाचेक तास लागतात. रात्री नीट झोप नाही म्हणून सकाळी कधी सहाला उठायचे, कधी नऊला. दुपारचं जेवण गिऱ्हाइकांवर. आणि हातात सतत फोन. चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, प्रत्येकावर वाशिष्ठीच्या पातळीचे आणि धरणातून पाणी सोडल्याचे निरोप, त्यात निम्मे मागच्याच वर्षीचे.

मी तीनच गोष्टी मागितल्या. झोप कशीही झाली तरी सकाळी सहाला उठून दहा मिनिटं अंगणात, पाऊस असेल तर पडवीत. चारनंतर चहा नाही. आणि पाण्याची बातमी दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, नगरपरिषदेच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या सूचनेवरूनच.

तिसऱ्या गोष्टीवर काका अडले. "आणि मधेच पाणी आलं तर?"

इथे समुपदेशकाने जपून बोलावं लागतं. 'काही होत नाही हो, उगाच काळजी करता' हे मी म्हणू शकत नव्हते. चिपळूणमध्ये पाणी येतं. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती एका वेळी गाठली की नदीचं पाणी उतरायला जागा राहत नाही, हे तिथल्या पोरांनाही माहीत असतं. ज्या भीतीला कारण आहे तिला खोटं ठरवलं की माणूस एकटा पडतो. म्हणून पुढच्या भेटीला मुलाला बोलावलं आणि तिघांनी मिळून कामं वाटून घेतली. कोकणात पावसाळ्याआधी घरात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात तशी ही पुराची आगोट. खालचे दोन कप्पे जूनअखेर रिकामे. कागदपत्रं, औषधं, टॉर्च प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी माडीवर. विम्याचे पैसे भरलेत का बघायचं. आणि अतिवृष्टीचा इशारा असेल त्या रात्री जागायचं मुलाने, एकपर्यंत तो, मग त्याचा मित्र, गरज वाटली तर काकांना उठवायचं. काकांना हे पटायला तीन आठवडे लागले. पण एकदा रात्रीचा पहारा दुसऱ्याच्या अंगावर गेल्यावर श्वासाचा व्यायाम खऱ्या अर्थाने लागू पडला, असं माझं निरीक्षण आहे. नुसत्या श्वासाने हे झालं नसतं.

स्वप्नं मात्र जात नव्हती. जुलैच्या मध्याला मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. काही महिने गोळ्या चालल्या, मग डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या. मोठ्या धक्क्याची तारीख जवळ आली की त्रास उसळणं हे आमच्या कामात नेहमी दिसतं, त्यात कमजोर मनाचा काही संबंध नाही. गोळी लागली म्हणजे श्वास 'फेल' गेला असंही नाही.

तुमचाही हाच प्रश्न असेल तर दोन गोष्टी आधी करा. छातीत दुखतंय, धाप लागतेय, डावा हात किंवा जबडा भरून येतोय, असं पहिल्यांदा होत असेल तर आधी डॉक्टर. ताण समजून घरी श्वास मोजत बसू नका. आणि कागदाच्या पिशवीत श्वास घ्यायचा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो घातक ठरू शकतो. दोन-तीन आठवडे झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र फोन लागतो, मराठीतही बोलता येतं.

22 जुलै 2022 ला काकांनी दुकान दुपारी बंद केलं, नातीला घेऊन गोवळकोटच्या बाजूला फिरून आले आणि संध्याकाळी एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत पोचले. मला फोन करून एवढंच सांगितलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात एक-दोनदा धडधड झाली, पण दवाखाना गाठावा लागला नाही.

2023 च्या ऑगस्टमध्ये काकू आल्या, एकट्याच. मी विचारलं, काका कसे आहेत? "ते झोपतात आता. घोरतात." मग बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मी नाही झोपत. पागोळ्या सुरू झाल्या की मला कळतं, आता किती वाजले असतील."

मी कपाटातून काकांची जुनी फाइल काढली. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात होतं: साडेबारा, दोन, सव्वातीन, पाच. ते मोजायला त्या रात्री कोण जागं होतं, हे मी वर्षभर विचारलंच नव्हतं. फाइल मिटली, नवी काढली, आणि वर त्यांचं नाव लिहिलं.