पहिली तक्रार आली, आता काय?

डॉक्टर, जनावर दगावल्यावर आलेल्या मालकाच्या तक्रारीनं झोप उडाली म्हणून स्वतःला कच्चे समजू नका. माझ्या दुसऱ्या वर्षी खानापूरकडं एका वस्तीवर म्हैस आडवी पडली होती. व्यायल्याचा दुसरा दिवस, कान गार, मान कुशीवर वळलेली. दुग्धज्वर, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटणं. छातीला स्टेथोस्कोप लावून कॅल्शियम सावकाश सोडलं, तरी गेली. 'डॉक्टरनं इंजेक्शननं मारली' असं गावभर झालं. पुढं महिनाभर शिरेत सुई घालताना हात थबकायचा. खरं नुकसान हेच: भीतीनं उपचार लांबतो, आणि त्याची किंमत पुढचं जनावर मोजतं.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- सुई उचलण्याआधी धोका सांगा. कानडी घरात कानडीत, मराठी घरात मराठीत. 'कॅल्शियमचा हृदयावर ताण येऊ शकतो, पण न दिलं तर वाचणं अवघड,' एवढी दोन वाक्यं पुरतात.
- केसपेपर गोठ्यातच लिहा: वेळ, ताप, डोस, मालकाला काय सांगितलं ते.
- व्हॉट्सअ‍ॅपवर खुलासे नकोत. दुसऱ्या दिवशी मालकाकडं समक्ष जा. त्याचं डेअरीचं बिल बुडालंय, म्हशीचं कर्ज मात्र तसंच आहे. आधी ते ऐकून घ्या.

नवीन मंडळी हमखास चुकतात ती इथं: चूक नसताना फी परत करून गप्प बसतात आणि एकटेच कुढतात. तसं करू नका. त्याच संध्याकाळी एखाद्या सिनियरला पूर्ण केस सांगा. झोप, जेवण बिघडलेलंच राहिलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फिरवा, मोफत आहे. कायदा, पशुवैद्यकांची कौन्सिल हे सगळं नंतर बघू. आधी उद्याच्या व्हिजिटला जा.